शेतावरची तयार स्टीलची शेड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोयाबीन निघालं, हातात चार पैसे आले की शेडची चौकशी सुरू होते, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: चौरस फुटाला काय भाव? भाव विचारायलाच हवा, पण त्याआधी शेडमध्ये काय ठेवायचं, जमीन कोणती, वारा कुठून येतो आणि ट्रॉली वळणार कुठे, हे ठरलं पाहिजे. शेडचे पैसे जमिनीखाली आणि जोडांमध्ये घालायचे असतात. पत्र्याचा रंग सगळ्यांत शेवटी. खालची उत्तरं महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांसाठी आहेत आणि साधारण त्याच क्रमाने दिली आहेत.

तयार शेड म्हणजे नेमकं काय? गावातला वेल्डर करून देतो तिच्यात आणि हिच्यात फरक काय?

तयार शेडला बाजारात पीईबी (प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंग) म्हणतात. तिचे खांब, तुळया, पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्या) असं सगळं कारखान्यात कापून, वेल्ड करून, भोकं पाडून, रंगवून येतं. शेतावर फक्त उभं करायचं आणि नट-बोल्ट आवळायचे. या शेडचा खांब तळाशी बारीक आणि वर, तुळईला मिळतो तिथे, रुंद असतो. भार आल्यावर सगळ्यांत जास्त वाक त्या कोपऱ्यात येतो, म्हणून लोखंड तिथे जास्त आणि बाकी ठिकाणी कमी. वजन वाचतं ते असं.

गावातला फॅब्रिकेटर पाइपची कैची, म्हणजे छपराचा तिकोनी सांगाडा, करतो. तीस-पस्तीस फूट रुंदीपर्यंत ती उत्तम चालते, स्वस्त पडते आणि दुरुस्तीला माणूस गावातच असतो. मधे खांब नको आणि रुंदी पन्नास-साठ फूट हवी, तेव्हा पीईबीचा विचार करा. दोन्हींत कमी-जास्त असं काही नाही. फरक पडतो तो नकाशावर. इंजिनिअरने वाऱ्याचा हिशोब मांडून काढलेला नकाशा वेल्डरच्या हातात असेल, तर त्याची शेड चांगल्या कंपनीच्या शेडइतकीच टिकते. आणि नकाशाशिवाय आलेली पीईबी घेऊ नका, मग विकणारा कितीही मोठा असो.

किती मोठी शेड लागेल?

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. फिरायला आणि हवा खेळायला जागा सोडून, आठ फूट उंच थप्पी लावली तर गुंठाभर शेडमध्ये सातशे-आठशे क्विंटल धान्याची पोती बसतात. सोयाबीनचं बियाणं ठेवणार असाल तर ही क्षमता निम्मी धरा. त्या बियाण्याचं टरफल नाजूक असतं, उंच थप्पीत खालच्या पोत्यांची उगवणशक्ती मार खाते.

अवजारांचा हिशोब क्षेत्रफळावर करू नका, वळणावर करा. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून मागे घेता येते का, हे आधी शेतावर चुना टाकून, प्रत्यक्ष ट्रॅक्टर फिरवून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. त्यात दारं कुठे हवीत आणि मधला खांब नडतो का, ते तिथेच कळतं. कडब्याने भरलेली ट्रॉली आत घ्यायची तर दार चौदा फूट उंच लागतं, आणि हार्वेस्टर ठेवायचा असेल तर रुंदीही तेवढीच धरा.

पुढे शेड वाढवायचा विचार असेल तर आत्ताच सांगा. शेवटची चौकट (खांब आणि तुळई मिळून) सहसा हलकी करतात, कारण तिच्यावर अर्धाच भार येतो. ती पूर्ण भाराची केली तर पाच वर्षांनी तिथूनच पुढे दोन गाळे जोडता येतात. आज थोडं लोखंड जास्त जातं, तेव्हा भिंत फोडून नवी चौकट घालायचा खर्च वाचतो.

याच शेडमध्ये उन्हाळी कांदा ठेवला तर चालेल का?

बंद शेडमध्ये नाही. कांदा जिवंत असतो, श्वास घेतो, ओल आणि उष्णता बाहेर टाकतो. चारी बाजूंनी पत्रा मारलेल्या शेडमध्ये त्याचा ढीग केला तर मधला कांदा तापतो, सडतो आणि वास यायला लागेपर्यंत बाहेरून काही कळत नाही.

कांद्याला चाळच हवी. तिची मापं निफाड-लासलगाव पट्ट्यात आणि राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या शिफारशींमध्ये रुळलेली आहेत: पाखी, म्हणजे कांद्याची एक रांग, चार फूट रुंद, कांद्याचा थर चार ते पाच फूट उंच, तळ जमिनीपासून वर उचललेला आणि फटींचा, बाजू जाळीच्या किंवा पट्ट्यांच्या. चाळ पन्नास फुटांपेक्षा लांब करत नाहीत. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर आणि दुपाखी पूर्व-पश्चिम बांधायची, म्हणजे वारा कांद्यातून आरपार जातो. पंचवीस टनांची दुपाखी चाळ साधारण चाळीस फूट लांब होते.

हा सांगाडा स्टीलचा केला तर चांगलाच. अँगल आणि पाइपची चाळ बांबूच्या चाळीपेक्षा कितीतरी जास्त वर्षं चालते. अडचण फक्त छपराची. उघडा पत्रा मे महिन्यात तापतो आणि वरचा थर भाजतो. पत्र्याखाली उसाच्या पाचटाचा किंवा गवताचा थर द्या, वळचण लांब काढा म्हणजे पावसाची झड कांद्यावर येणार नाही. मोठी शेड आधीच असेल आणि तिच्या तीन बाजू उघड्या असतील, तर आतच चाळीचे कप्पे करता येतात. दोन कप्प्यांत माणूस फिरेल इतकी जागा मात्र ठेवा.

खरिपाचा कांदा कुठल्याही चाळीत टिकत नाही. त्यासाठी शेड बांधू नका.

सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस यांचं काय?

धान्याला आणि कडधान्याला बंद शेड योग्य. अट एकच, माल वाळलेला हवा. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा असते. २०२४च्या हंगामात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. ती सवलत विक्रीसाठी होती. पंधरा टक्के ओलाव्याचं सोयाबीन चार महिने ठेवलं तर त्याला बुरशी येणारच, शेड कितीही भारी असो. साठवायचा माल बारा टक्क्यांच्या खाली आणा, बियाणं असेल तर आणखी खाली. ओलावा मोजायचं यंत्र चार शेतकऱ्यांनी मिळून घेतलं तरी परवडतं.

पोती थेट कोब्यावर ठेवू नका. खाली लाकडी फळ्या किंवा पॅलेट, भिंतीपासून दीड-दोन फूट अंतर. हे अंतर भिंतीची ओल पोत्यात उतरू नये म्हणून असतं, आणि माणसाला थप्पीमागे जाऊन घुशीचं बीळ बघता यावं म्हणूनही.

कापसाबद्दल मला मनापासून वाटतं की शेड हवीच. विदर्भात आणि मराठवाड्यात आजही भाव चढेल या आशेवर घरातल्या खोल्या कापसाने भरतात. मार्च-एप्रिलपर्यंत घरातल्या लेकरांच्या अंगाला खाज सुटते, चूल त्याच घरात, वायरिंग जुनं. अशा घरासाठी वीस बाय तीसची साधी शेडसुद्धा मोठं काम करते. ती घरापासून लांब असावी, आत दिवा बंद झाकणाचा असावा आणि विजेचं बटण बाहेरच्या बाजूला असावं.

किडीसाठी सेल्फॉसच्या गोळ्या आणून टाकण्याचा विचार कुणी करू नये. त्यातून निघणारा वायू माणूस मारतो, आणि त्या वापरण्याची परवानगी फक्त सरकारी यंत्रणा व प्रशिक्षित कीडनियंत्रकांना आहे. फटी असलेल्या शेडमध्ये तो वायू कोंडलाही जात नाही. धुरी द्यायचीच असेल तर ती प्रशिक्षित माणसाकडून, थप्पीवर वायुरोधक ताडपत्री घालून, आणि राहत्या घरापासून दूर.

पाऊस नसताना पत्र्यातून पाणी टिपकतं. पत्रा गळका आहे का?

बहुतेक वेळा नाही. हिवाळ्याच्या रात्री मोकळ्या आभाळाखाली पत्रा हवेपेक्षाही गार होतो. आतली हवा मालामुळे आणि जमिनीमुळे दमट असते. ती पत्र्याला लागली की दव धरतं आणि पहाटे पोत्यांवर टिपकतं. पर्लिनच्या खाली, सरळ रेघेत ओले ठिपके दिसले तर हेच कारण समजा. गळती असेल तर डाग स्क्रूच्या किंवा सांध्याच्या खाली, एकाच जागी पडतो.

उपाय तीन. आढ्यावर हवा बाहेर जाण्याची वाट आणि खाली आत येण्याची वाट ठेवा. नुसता वर फिरणारा पंखा बसवून खालून हवा आली नाही तर तो शोभेलाच राहतो. कोब्याखाली जाड प्लास्टिकचा थर घाला, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. आणि पैसे असतील तर पत्र्याखाली ग्लासवूल किंवा फोमचा थर द्या, तो उन्हाळ्यातही कामी येतो. हा थर पत्रा बसवतानाच घालावा लागतो, नंतर घालणं फार अवघड जातं.

शेड उडून का जाते?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

स्टीलची शेड वजनाखाली दबून क्वचित पडते, आपल्याकडे बर्फ पडत नाही. ती उचलली जाते. वारा छपरावरून जाताना पत्र्याला वर ओढतो. त्याच वेळी समोरचं दार उघडं असेल तर वारा आत शिरून खालून ढकलतो. उघड्या छत्रीत वारा भरावा तसं होतं.

किती जोर असतो? आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात शहरांसाठी वाऱ्याचा मूळ वेग दिला आहे. पुणे, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगरला तो सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. मुंबई आणि नागपूरला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटरच्या आसपास. ३९ मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ९० किलो होतो. पत्रा, पर्लिन, कैची मिळून छपराचं स्वतःचं वजन चौरस मीटरला जेमतेम पंधरा-वीस किलो.

आता एक खांब धरा. शेड तीस फूट रुंद, खांब सोळा फुटांवर. एका खांबाच्या वाट्याला सुमारे साडेबावीस चौरस मीटर छप्पर येतं. मोठ्या वादळात तो खांब दीड-दोन टनांच्या जोराने वर ओढला जातो. त्याखाली दीड फूट लांब, दीड फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा करून काँक्रीट भरलं असेल, तर त्या काँक्रीटचं वजन भरतं साडेचारशे किलो. भोवतीच्या मातीची पकड थोडी मदत करते, पण पावसात भिजलेल्या मातीवर किती विसंबायचं? हिशोब ढोबळ आहे, तरी फरक केवढा आहे ते दिसतं. म्हणून पाया रुंद करायचा, त्यावर माती भरून दाबायची, आणि फाउंडेशन बोल्ट काँक्रीटमध्ये खोलवर, तळाशी वाकवून किंवा प्लेट लावून बसवायचे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत गावंच्या गावं छपराविना झाली. पण किनाऱ्यापासून आत राहणाऱ्यांनी चक्रीवादळ आपल्याला नाही असं समजू नये. एप्रिल-मेमधला वळवाचा वारा दहा मिनिटं टिकतो आणि तेवढ्यात पत्रे दोन शेतं पलीकडे नेऊन टाकतो.

पायाखेरीज तीन जागा बघा. एक, दोन खांबांमधले आणि छपरातले तिरके ताण, म्हणजे फुली. पैसे वाचवायला आधी त्याच गाळतात, आणि त्या नसल्या की सगळी शेड एका बाजूला कलते. दोन, पर्लिन कैचीला बोल्टने जोडलेलं आहे की नुसता वेल्डचा टिपका दिला आहे. तीन, पत्र्याचे स्क्रू. वळचण, आढं आणि चारही कोपरे इथे ओढ जास्त असते, तिथे स्क्रू जवळजवळ हवेत. सगळीकडे सारख्या अंतरावर मारलेले स्क्रू दिसले की समजा, कुणी नकाशा वाचलेला नाही.

आमची जमीन काळी आहे. पाया कसा घ्यायचा?

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. दुमजली घर आपल्या वजनाने ती थोडी दाबून तरी ठेवतं. स्टीलची शेड हलकी, तिला माती सहज वर-खाली करते. एका खांबाला इंचभर उचललं की दार अडकायला लागतं, मग पत्र्याची भोकं लांबट होतात, मग गळती.

काळा थर चार-पाच फुटांचा असेल तर तो खोदून खालच्या मुरमावर पाया टेकवा. पूर्णा, तापी, कृष्णाकाठी काळी माती फार खोल असते. तिथे अंडर-रीम पाइल घेतात. ड्रिलने खोल गोल भोक पाडून तळाशी त्याचा फुगा करतात आणि सळई घालून काँक्रीट भरतात. तळातला तो फुगा खांबाला वर येऊ देत नाही, त्यामुळे वाऱ्याच्या ओढीलाही तो उपयोगी पडतो.

जोत्याखालची काळी माती दोन-तीन फूट काढून मुरूम भरा. सहा-आठ इंचांचा थर, पाणी, रोलर, मग पुढचा थर. एकदम ट्रॉल्या ओतून वरून कोबा केला तर पहिल्याच पावसाळ्यानंतर तो भेगाळतो. जोतं भोवतालच्या जमिनीपेक्षा दीड-दोन फूट वर आणि बाहेर पाणी काढून देणारा चर, हे नकाशात लिहून घ्या.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक काळजी. तिथलं बोअरचं खारं पाणी काँक्रीटला वापरू नका, आतली सळई गंजते. आणि कुठल्याही जमिनीत खांब थेट मातीत किंवा कोब्यात पुरू नका. काँक्रीटचा ठोकळा जमिनीच्या वर नऊ ते बारा इंच घ्या आणि खांबाची प्लेट त्याच्यावर बसवा. पुरलेला खांब नेमका जमिनीच्या रेषेत गंजतो, आणि तो गंज रंगाखाली लपून राहतो.

पत्रा कोणता घ्यावा?

दुकानदार ०.५० मिलिमीटर सांगतो तेव्हा ती जाडी लेप आणि रंग धरून आहे का, हे विचारा. तशी असेल तर आतलं लोखंड ०.४५च्या आसपास भरतं. दोन्ही प्रकार बाजारात चालतात, पण तुलना करताना सारखंच माप धरलं पाहिजे. लेपही विचारा. जस्त-ॲल्युमिनियम लेपाच्या पत्र्याला चौरस मीटरला १५० ग्रॅम हा चांगला दर्जा. साधा जस्ताचा पत्रा असेल तर १२० आणि २७५ ग्रॅम यांत आयुष्याचा मोठा फरक पडतो.

रंग पांढरा किंवा फिका घ्या. गडद निळा छान दिसतो, पण नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात त्याखाली उभं राहवत नाही. कोकणात उतार जास्त द्या आणि शक्यतो आढ्यापासून वळचणीपर्यंत एकसंध पत्रा घ्या, सांधाच नको.

पत्रा बसवून झाल्यावर माणसं खाली उतरण्याआधी एक काम करून घ्या. स्क्रू मारताना लोखंडाचा बारीक कीस पत्र्यावर पडतो. तो मऊ झाडूने झाडून काढा. राहिला तर पहिल्या पावसात गंजतो आणि नव्या पत्र्यावर जिऱ्याएवढे तपकिरी ठिपके उठतात. मग लोक पत्रा खराब निघाला म्हणून भांडतात. स्क्रूचं वॉशर नीट टेकेल एवढंच आवळायचं. रबर बाजूने पिचून बाहेर आलं असेल तर तो स्क्रू दोन वर्षांत गळणार.

खत, जनावरं, कोंबड्या हे सगळं एकाच शेडमध्ये ठेवता येईल का?

खताला वेगळी खोली करा, विटांची, आतून गिलावा केलेली. युरिया आणि पोटॅश हवेतली ओल धरतात आणि जवळच्या लोखंडाला खातात. बियाणं तर खताजवळ ठेवूच नये. गोठा आणि पोल्ट्रीतल्या अमोनियाने जस्त-ॲल्युमिनियमचा लेप लवकर जातो, आणि बहुतेक पत्रा कंपन्यांच्या हमीत जनावरांच्या निवाऱ्याला वगळलेलं असतं. गोठ्याला सिमेंटचा पत्रा किंवा चांगल्या रंगाचं आवरण आणि भरपूर मोकळी हवा लागते. तो साठवणीच्या शेडपासून वेगळाच बांधा.

मग भाव काय, आणि कोटेशन कसं वाचायचं?

इथे आकडा देत नाही, कारण लोखंडाचा दर बदलला की तो खोटा ठरतो. त्याऐवजी तुलना करायची पद्धत सांगतो.

प्रत्येकाकडून किलो लिहून घ्या: मुख्य चौकट किती किलो, पर्लिन किती, पत्रा किती. मध्यम आकाराच्या शेडला पत्र्याखेरीज चौरस फुटाला दोन ते अडीच किलो लोखंड लागणं सर्वसाधारण आहे. एकाने अडीच आणि दुसऱ्याने दीड सांगितलं, तर दुसरा स्वस्त का आहे ते कळलं. मग त्याला विचारा, वाऱ्याचा वेग किती धरला? उत्तर आकड्यात आलं पाहिजे. गाडी शेतावर येताना वजनकाट्यावरून आणा आणि पावती कोटेशनला टाचून ठेवा. हे आधी सांगून ठेवलं की सहसा वजन बरोबर येतं.

पाया, कोबा, विटांची पडदी, शटर, पन्हळ, क्रेन, वाहतूक, जीएसटी यांतलं काय धरलं आहे आणि काय नाही, ते वेगळं लिहून घ्या. भांडणं बहुतेक याच यादीवरून होतात. खाली तीन फूट विटांची पडदी घ्याच. ट्रॉलीचा धक्का, घुशी आणि पावसाचं उडणारं पाणी, तिन्हींपासून पत्रा वाचतो.

एनए (बिगरशेती परवानगी) करावं लागतं का?

स्वतःच्या शेतीसाठी शेड असेल तर सहसा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २(९) मध्ये शेतघराची व्याख्या आहे. अवजारं, खत, चारा, शेतमाल ठेवणं आणि जनावरं बांधणं हे तिच्यात बसतं. अट अशी की वापर त्या जमिनीच्या किंवा तुमच्या मालकीच्या वा तुम्ही कसत असलेल्या दुसऱ्या जमिनीच्या शेतीशी निगडित हवा. शेड व्यापाऱ्याला भाड्याने दिली किंवा तिथे विकत घेतलेल्या मालाचा व्यवसाय सुरू केला, की बिगरशेती वापराचा प्रश्न उभा राहतो. शहरांच्या आसपास आणि प्राधिकरणांच्या हद्दीत शेतघरालाही परवानगी लागते. काम सुरू करण्याआधी तलाठी, ग्रामपंचायत आणि गरज असेल तिथे तहसील कार्यालयात लेखी विचारा. सातबारा सामाईक असेल तर भावकीची लेखी संमती आधी घ्या, बँकही ती मागते.

अनुदान किंवा स्वस्त कर्ज मिळतं का?

कृषी पायाभूत सुविधा निधी ही केंद्राची योजना २०२० पासून आहे. साठवण, प्रतवारी, पॅकहाऊस अशा कामांच्या दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षांपर्यंत व्याजात ३ टक्के सवलत मिळते. वैयक्तिक शेतकरी, शेतकरी उत्पादक कंपनी, सोसायटी सगळ्यांना अर्ज करता येतो. कांदा चाळीचं अनुदान राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळतं. त्यात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पूर्वसंमती हातात येईपर्यंत खड्डासुद्धा खणू नका. काम आधी सुरू झालेलं दिसलं की प्रस्ताव बाद होतो.

आणखी एक गैरसमज. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते, पण त्यासाठी माल योजनेतल्या गोदामात ठेवावा लागतो. घरच्या शेडमधल्या मालावर ती मिळत नाही. ज्यांना तारण घ्यायचं आहे त्यांनी शेड थोडी लहान बांधली तरी चालेल.

काम कधी सुरू करावं?

दिवाळीनंतर लगेच. नकाशा, कारखान्यातलं काम, पाया, काँक्रीटला पाणी मारण्याचे दिवस, मग उभारणी. मृगाच्या आधी पत्रा बसायचा तर फेब्रुवारीपर्यंत पाया झालेला हवा. पायाचे बोल्ट ओतताना लोखंडी साचा वापरा. बोल्ट अर्धा इंच सरकला तर खांबाची प्लेट बसत नाही, आणि मग साइटवर गॅस कटरने भोक मोठं केलं जातं. ते करू देऊ नका.

चाळीस फुटी ट्रेलर शिवरस्त्याने वळेल का, ते बघून ठेवा. आणि वर बघा. शेतातून ११ केव्हीची तार जात असेल तर इमारतीपासून उभं अंतर किमान ३.७ मीटर आणि आडवं १.२ मीटर हवं. उभारणी चालू असताना लांब पत्रा किंवा पाइप तारेला लागून माणसं गेली आहेत. तार जवळ असेल तर त्या दिवशी लाइन बंद करून घ्या. शेडला अर्थिंग आणि गळती झाल्यास वीज तोडणारा ब्रेकर पहिल्या दिवसापासून हवा.

पुढे छपरावर सोलर बसवता येईल का?

आत्ता सांगितलं तर हो. पॅनेल आणि त्याचा सांगाडा चौरस मीटरला साधारण पंधरा किलो भार वाढवतो. डिझाइनमध्ये तो धरला तर लोखंड थोडंसंच वाढतं.

जुन्या कारखान्याची शेड स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का?

चौकट घ्या, पत्रा घेऊ नका. जुन्या पत्र्याची भोकं नव्या पर्लिनवर जुळत नाहीत. चौकटीत खांबाचा तळ आणि जोडाच्या प्लेटा हातोडीने ठोकून बघा. गंजाचे पापुद्रे निघाले तर सोडून द्या. बोल्ट सगळे नवे. आणि ती शेड जिथे उभी होती तिथला वारा व तुमच्याकडचा वारा सारखा नसेल, म्हणून इंजिनिअरकडून नव्याने तपासून घ्या. रुंदी कमी करायला तुळया मधून कापून परत वेल्ड करतात, तो प्रकार टाळा.

देखभाल काय लागते?

वर्षातून एकदा, मे महिन्यात. पन्हळीतला पाला काढा, सैल स्क्रू आवळा, रबर वाळलेली वॉशर बदला, खरचटलेल्या जागी जस्ताचा प्रायमर लावा. खांबाच्या तळाशी साचलेली माती आणि शेण बाजूला करा. पत्र्यावर चढताना पाय पर्लिनच्या रेषेत ठेवा, स्क्रूंची ओळ दिसते तिथे.

विमा आणि कागदपत्रं?

आगीच्या विम्यात वादळ आणि पूर धरला आहे का, आणि शेड एका बाजूने उघडी असेल तर ती चालते का, हे पॉलिसी घेण्याआधी लेखी विचारा. आतल्या मालाचा विमा वेगळा असतो. स्टीलचा नकाशा, वाऱ्याच्या हिशोबाचा कागद, वजनकाट्याच्या पावत्या, पत्र्याच्या गुंडाळीवरच्या लेबलचा फोटो आणि पाया ओतण्याआधीचे सळईचे फोटो एका फाइलमध्ये ठेवा. हमीचा दावा, विम्याचा पंचनामा किंवा पुढची वाढ, तिन्ही वेळी हेच कागद मागतात.